२४ रून शिकायचे की १६?

रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची अक्षरं, ती तुकड्यांवर कोरून, तुकडा उचलून कौल घेतात. हे शिकायचं ठरलं की लगेच प्रश्न येतो, एल्डर फुथार्कचे, म्हणजे जुन्या रूनमालेचे २४ घ्यायचे की यंगरचे, म्हणजे नंतरच्या मालेचे १६. मी आधी २४ वर दीडेक वर्ष काढलं आणि मग १६ वर आलो, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे आहे ते कळेलच, पण २४ वाल्यांना नावं ठेवायची नाहीयेत मला.

सोय बघितली तर २४ च. तयार सेट मिळतात, पुस्तकं ढिगानं आहेत, आठ-आठचे तीन गट करून पाठांतर पटकन होतं, आणि कुणाला अडलेलं विचारलं तर समोरचाही बहुतेक २४ वालाच निघतो. सेटसोबत पंचविसावा कोरा तुकडा येतो तो मात्र खुशाल बाजूला काढा, तो १९८२ च्या एका अमेरिकन पुस्तकातून आलाय, जुन्यात कुठेच नाही.

माझं बिनसलं ते २४ मधल्या केनाझ या रूनवरून. नोकरी बदलू का म्हणून एकच तुकडा काढला, केनाझ आला. एका पुस्तकात म्हणे मशाल, उजेड, नवी वाट, बिनधास्त जा. दुसरं उघडलं तर गळू. म्हणजे अक्षरशः पू झालेलं गळू! आता मशाल आणि गळू यांच्यातनं मधला मार्ग काय काढणार, डोंबल?

मग खोदत बसलो तेव्हा कळलं की २४ रून्सची नावं त्या काळी कुणी लिहूनच ठेवलेली नाहीत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर सापडलेल्या शिळेवर, साधारण इ.स. ४०० च्या, सगळे २४ ओळीनं कोरलेत, पण नुसत्या खुणा, नाव नाही की अर्थ नाही. नावं अभ्यासकांनी नंतरच्या, एकेका रूनवर कडवं असलेल्या कवितांवरून मागे जात जुळवलीत. त्यात जुन्या इंग्रजी कवितेत केनाझला मशाल म्हटलंय, नॉर्वेच्या आणि आइसलँडच्या कवितेत गळू. लेखकाला जे आवडेल ते तो उचलतो आणि आपण घरी त्याच्या नावानं नोकरी सोडायची की नाही ते ठरवतो.

१६ मध्ये ही कटकट मला तरी फार कमी वाटली. नॉर्वे आणि आइसलँडच्या दोन्ही कवितांत बरोब्बर १६ कडवी आहेत, रूनमागे एक, त्यामुळे अर्थासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. फे हा रून घ्या, २४ मध्ये तोच फेहू. बाजारू पुस्तकात फेहू म्हणजे धनलाभ, भरभराट. आइसलँडची कविता सुरुवातच करते की पैसा म्हणजे नातलगांतलं भांडण. गावच्या घराच्या वाटण्या चालू असताना मला हा आला होता, आणि धनलाभ कुणाला झाला ते विचारू नका, भाऊबंदकी मात्र व्यवस्थित झाली.

मतभेद इथेही आहेत म्हणा. उर हा रून म्हणजे नॉर्वेत लोखंडाचं कीट, आइसलँडमध्ये पावसाची झिमझिम, ढगांचं रडणं, गवताची नासाडी. पण दोन्हीकडे सूर नुकसानीचाच, मशाल-गळूसारखी १८० अंशांत फिरवाफिरव नाही. आणि ज्यांना व्हायकिंग म्हणून हे सगळं हवंय त्यांच्यासाठी, व्हायकिंग लोक १६ च वापरायचे, २४ तोवर मागे पडले होते. या कविता व्हायकिंगांच्याही नंतरच्या, तेव्हा १६ म्हणजे अस्सल परंपरा असा दावा मी करणार नाही.

गैरसोय सांगतो. आनंदाचा वुन्यो, भेटवस्तूचा गेबो, वडिलोपार्जित घराचा ओथाला, दिवसाचा दागाझ, हे १६ मध्ये नाहीतच. दुसऱ्यांसाठी बघणार असाल आणि समोरच्याला काहीतरी गोड ऐकायचं असेल तर २४ जास्त सोयीचे पडतील कदाचित. स्वतःपुरतं बघायचं असेल तर मी १६ म्हणेन.

सेट मात्र घरी करावा लागेल, मला तरी १६ चा तयार कुठे मिळाला नाही. रोमन लेखक टॅसिटसनं इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांची पद्धत लिहून ठेवलीय, फळझाडाची फांदी तोडायची, तुकड्यांवर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर टाकायचे आणि तीन उचलायचे. त्या खुणा रूनच होत्या असं तो म्हणत नाही, पण फळझाड म्हटलंय म्हणून मी परसातल्या पेरूची फांदी घेतली. ओल्या फांदीच्या चकत्या कापून लगेच उन्हात ठेवल्या आणि सात तडकल्या, तेव्हा सावलीत वाळवा आणि पंचवीसेक तरी कापून ठेवा.