बेकायदा अटकेनंतर दाद कोठे मागावी: आयोग, प्राधिकरण, उच्च न्यायालय की दिवाणी दावा?

घरातील माणूस कोठडीतून सुटून आला की तक्रारीचा विचार सहसा पुढे ढकलला जातो. जिवावरचे निभावले, आता पुन्हा पोलिसांच्या वाटेला कशाला जायचे, असे घरच्यांना वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु दाद मागण्याच्या काही मार्गांची मुदत अटकेच्या किंवा सुटकेच्या दिवसापासूनच मोजली जाते. त्यामुळे तक्रार पुढे चालवायची की नाही हे नंतर ठरवले तरी चालेल, मात्र मार्गाची निवड पहिल्या महिन्यातच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी एक गल्लत दूर केली पाहिजे. खटल्यातून निर्दोष सुटका झाली म्हणजे अटक बेकायदा होती, असे आपोआप ठरत नाही. अटकेच्या वेळी कायद्याने घालून दिलेली रीत पाळली गेली का, हा प्रश्न स्वतंत्र आहे. संविधानाच्या अनुच्छेद 22 नुसार अटकेची कारणे कळवणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक खरोखर आवश्यक का आहे हे पोलिसांनी लेखी नोंदवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. पुढे 6 नोव्हेंबर 2025 रोजी, मुंबईतील एका खटल्यातून उद्भवलेल्या अपिलात, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत आणि प्रसंगवशात ती आधी तोंडी सांगितली असतील तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी स्वरूपात हाती पडावीत, असा दंडक घातला गेला. यांपैकी नेमके काय मोडले गेले, हे एका कागदावर तारीख-वेळेसह मांडता आले तर पुढची निवड बरीच सोपी होते.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही आणि साध्या मराठी अर्जावर काम भागते. मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे. उणीव अशी की आयोग भरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो आणि ती अमलात आणणे शासनाच्या हाती राहते. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हा त्याच्या जवळचा पर्याय आहे. पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात 2006 मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर, 2014 च्या दुरुस्तीने ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आले, आणि विहित पद्धत न पाळता केलेली अटक हा विषय त्याच्या कक्षेत स्पष्टपणे घातलेला आहे. संबंधित अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी व्हावी, एवढाच हेतू असेल तर मी आयोगापेक्षा प्राधिकरणाला पसंती देईन. भरपाई हवी असेल तर मात्र ते पुरेसे नाही.

भरपाईसाठी खरी तुलना उच्च न्यायालय आणि दिवाणी न्यायालय यांच्यात आहे. 1983 मध्ये रुदल शाह प्रकरणात, निर्दोष ठरल्यावरही 14 वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकेतच (मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच) भरपाई दिली. 1993 च्या नीलाबती बेहरा निकालाने हे अधिक पक्के केले: मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल रिट याचिकेत मागितलेल्या भरपाईला शासन सार्वभौम संरक्षणाची, म्हणजे राज्यसत्तेच्या कृत्याबद्दल भरपाई मागता येत नाही या बचावाची, ढाल पुढे करू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये, जामीनपात्र गुन्ह्यात जामीन देण्याची तयारी असूनही कोठडीत ठेवलेल्या एका शिक्षकाला दोन लाख रुपये देण्याचा आदेश केला. अशा प्रकरणांत बेकायदेशीरपणा पोलिसांच्याच कागदांवरून दिसतो आणि तेथेच अनुच्छेद 226 खालील उच्च न्यायालयातील रिट याचिका प्रभावी ठरते. उलट, अटक केव्हा झाली यावरच वाद असेल आणि साक्षीपुरावा घ्यावा लागणार असेल, तर उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवण्याची शक्यता मोठी असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तळकोकणातील लोकांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे या मार्गातील मुंबईच्या खेपांची अडचण कमी झाली आहे.

दिवाणी दाव्यात साक्षीदार तपासता येतात, बुडालेला रोजगार आणि बदनामी यांचा हिशेब मांडता येतो. मात्र मागणीच्या रकमेनुसार कोर्ट फी पडते आणि वर्षे जातात. यातील सर्वांत घातक गोष्ट मुदत आहे. मुदत कायद्यानुसार बेकायदा बंदिवासाच्या भरपाईसाठी बंदिवास संपल्यापासून एक वर्ष मिळते, परंतु पोलीस अधिनियमाचे कलम 161 अधिकाराच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांची मर्यादा घालते, आणि शासनावर दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणून ही नोटीस पहिल्या तीन महिन्यांतच गेली पाहिजे, मग याचिका दाखल केलेली असो वा नसो. दंडाधिकाऱ्यापुढील खासगी फौजदारी फिर्याद हा आणखी एक मार्ग आहे, पण शासनाच्या पूर्वमंजुरीच्या प्रश्नात ती अडकते, आणि एकटी ती निवडावी असा सल्ला मी देणार नाही.

आयोगाकडे जायचे असेल तर ते आधी करावे, कारण न्यायालयात विषय प्रलंबित असताना आयोग सहसा हात घालत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मार्ग कोणताही ठरो, पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज सुटकेच्या आठवड्यातच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे चित्रण 18 महिने, आणि तशी उपकरणे नसल्यास किमान एक वर्ष, जपण्यास सांगितले आहे, आणि आपण ठाण्यात नेमके किती वाजता पोहोचलो होतो याचा त्याइतका भक्कम पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.