हाताच्या मापाचं पेन: आठ महिने रोज लिहिल्यानंतर

मी भाषांतराचं काम करते आणि पहिला खर्डा हातानेच लिहिते. दिवसाला सात-आठ पानं होतात. तयार मिळणारी बहुतेक पेनं मला बारीक पडायची. ती धरताना बोटं नकळत आवळली जायची आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. म्हणून शेवटी एका कारागिराकडून लेथवर फाउंटन पेन करून घेतलं. रंग, घाट हे सगळं नंतर, माझी पहिली मागणी एकच होती: बोटं टेकतात तिथली जाडी साडेबारा मिलिमीटर हवी. हा आकडा अंदाजपंचे नव्हता. हाताशी होती ती सगळी पेनं, मार्कर, पेन्सिली मी व्हर्नियर कॅलिपरने मोजल्या, प्रत्येकाने एकेक पान लिहिलं आणि मग तो ठरवला. पेन करून घेणार असाल तर एवढी खटपट जरूर करा. माझी कळ पूर्ण थांबली आहे.

पेन एबोनाइटचं आहे. नैसर्गिक रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून कडक केलेला हा पदार्थ. धातूसारखा गार लागत नाही, घामेजलेल्या बोटांतूनही निसटत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे टोपण काढलं की गंधकाचा वास यायचा, मग तो गेला. जपायचं ते ऊन आणि गरम पाण्यापासून. तिसऱ्या महिन्यात मी पुढचा भाग कोमट पाण्यात भिजत ठेवला आणि सकाळी हिरव्या-काळ्या लहरींवर मातकट झाक आलेली दिसली. पॉलिश लावून मऊ सुती कापडाने बराच वेळ घासलं तेव्हा रंग बराचसा परतला. आता धुते ती फक्त गार पाण्याने, आणि लगेच पुसते.

खरा मनस्ताप निबने दिला. सहा नंबरची, स्टीलची, मीडियम निब. दिसायला सुरेख, कागदावर गुळगुळीत. पण दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाची शिरोरेघ कोरी सुरू व्हायची. निब टेकलेली असायची आणि शाई मिलिमीटरभर पुढे गेल्यावर उतरायची. शाई बदलली, कागद बदलला, भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब पाण्यात टाकून निब आणि फीड (निबखालचा, शाई पुढे आणणारा भाग) धुतले. फरक शून्य. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिलं तेव्हा उलगडलं: निबच्या दोन्ही टोकांच्या आतल्या कडा घासताना जास्तच गोल झाल्या होत्या. त्यामुळे मधली फट कागदाला टेकतच नव्हती, शाई केसभर वर अडकून राहत होती. दाब दिला की उतरायची, पण दाबून लिहायचं असेल तर बॉलपेन काय वाईट?

हा दोष आपल्या लिपीत फार जाचतो. जोडून लिहिलेल्या रोमन अक्षरांत पेन शब्दभर कागदावरच असतं. आपण मात्र वेलांटीला उचलतो, मात्रेला उचलतो, अनुस्वाराला उचलतो, शेवटी शिरोरेघेला पुन्हा उचलतो. कोऱ्या सुरुवातीची संधी एका शब्दात पाच-सहा वेळा. कारागिराने वर्तुळं आणि वळसे काढून निब तपासली होती, त्यात हे कळणारच नाही. उचलून-टेकवून चार ओळी त्याने लिहून पाहायला हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मी एक पान मराठीत लिहून, तुटलेल्या जागांभोवती लाल गोल करून पेनासोबत पाठवलं. तीन आठवड्यांनी निब नव्याने घासून आली. तेव्हापासून एकही रेघ तुटलेली नाही.

शाई थेट दांड्यातच भरते, ड्रॉपरने. साडेतीन मिलिलिटर मावते. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळीत, बहुधा एकसुद्धा मावत नाही. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की गळती नाही. मात्र शाई पाव भागाच्या खाली गेली की सांभाळा. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला फीडमधून बाहेर ढकलते. एकदा सबंध पान झाल्यावर शेवटच्या ओळीतल्या ‘कृतज्ञता’मधल्या ‘ज्ञ’वर टपोरा थेंब पडला, आणि ते पान मी पुन्हा लिहिलं. आता तिसरा हिस्सा उरला की भरून टाकते.

टोपणाला अडीच फेरे आहेत. घाईत टिपण घ्यायला हे पेन कामाचं नाही, ते टेबलावरच बरं. पण टोपण बसतं मात्र घट्ट: मध्ये अकरा दिवस पेनाला हात लावला नव्हता, तरी पहिल्याच रेघेला शाई उतरली.

खर्ड्यात दोन ओळींच्या मध्ये दुरुस्त्या बारीक लिहाव्या लागतात आणि मीडियम निबने ‘क्ष’, ‘ष्ट्र’ यांची पोटं बुजतात. म्हणून त्याच कारागिराकडे फाइन निब मागवली आहे. या वेळी मागणीसोबत माझ्या हस्ताक्षराचं एक पानही पाठवलं आहे.