बंद पेट्रोल पंपाखालच्या पाण्याची तपासणी : नाशिकमधील एका सल्लागार संस्थेच्या कामाचे परीक्षण

मुंबई-आग्रा महामार्गालगत आमच्या सोसायटीला लागून असलेला पेट्रोल पंप बंद झाला, भूमिगत टाक्या काढून खड्डे बुजवले गेले आणि आता त्या भूखंडावर इमारत उभारण्याच्या हालचाली सुरू आहेत. आमची बोअरवेल कुंपणापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे भूखंडमालक आणि सोसायटी यांनी मिळून भूजलाची तपासणी एका पर्यावरण सल्लागार संस्थेकडे सोपवली. पुढे काही तक्रारीही असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही.

या कामाचा कस प्रयोगशाळेत लागत नाही; भोक कुठे आणि किती खोल पाडायचे व पाणी कसे उपसायचे, या निर्णयांत लागतो. पाण्याची बाटली भरून कोणत्याही प्रयोगशाळेत नेली तर कठीणपणा, क्षार आणि जंतू यांचे आकडे मिळतात. त्या नेहमीच्या तपासणीत बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला आरोग्याला घातक घटक, पाहिलाच जात नाही. संस्थेच्या भूजलतज्ज्ञांनी पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट केले आणि यंत्र आणण्याआधी पंपाचा जुना नकाशा, टाक्यांच्या जागा, पाइपांचे मार्ग आणि पंप कोणत्या वर्षांत चालू होता याची माहिती मागवली. शेवटच्या प्रश्नाचे कारण ऐकून आम्ही चकित झालो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली बंद झाली. त्याआधीपासून चालू असलेल्या पंपाखाली शिसेही तपासावे लागते. गळती बहुधा टाकीपेक्षा पाइपांच्या सांध्यांतून होते असे सांगून त्यांनी एक विहीर (नमुने घेण्यासाठी पाडलेले अरुंद भोक) मुद्दाम जुन्या पाइपमार्गावर घेतली.

नाशिकच्या जमिनीची त्यांची जाण ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचे थर असतात. अखंड काळ्या दगडातून पाणी जवळजवळ जात नाही. ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. त्यामुळे दूषित पाणी वाळूत पसरावे तसे सर्व बाजूंनी सारखे पसरत नाही, एखादी भेग धरून दूरवर जाते आणि दहा पावलांवरची विहीर स्वच्छ राहू शकते. प्रवाहाची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतील पातळी लागते. संस्थेने त्याहून अधिक विहिरी घेतल्या आणि प्रत्येक विहिरीचा माथा लेव्हलिंग करून मोजला, कारण माथ्याच्या उंचीत चूक झाली तर उताराची दिशाच उलटी दिसते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाण्यावर तरंगते. विहिरीतील भोकांचा पाइप संपूर्ण पाण्याखाली राहिला तर वरचा तवंग आत येतच नाही आणि विहीर निर्दोष दिसते. मे महिन्यातील आणि पावसाळ्यानंतरची पातळी यांत आपल्याकडे काही मीटरचा फरक पडत असल्याने भोकांचा भाग पुरेसा लांब ठेवला गेला आणि वरून पावसाचे पाणी झिरपू नये म्हणून माथ्याशी बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सीलबंदी केली गेली. नमुने अत्यंत संथ पंपाने घेतले, कारण बादलीसारखे उपसणे बेंझीनला हवेत उडवून लावते. लहान काचेच्या बाटल्या हवेचा बुडबुडाही न ठेवता भरल्या, त्यांत आम्ल घातले आणि त्या बर्फात ठेवल्या. स्वच्छ पाण्याची एक बाटलीही नमुन्यांबरोबर प्रवासाला पाठवली होती. तिच्यात काही आढळले असते तर दोष वाहतुकीचा मानला गेला असता.

टाक्यांच्या जुन्या खड्ड्यालगतच्या विहिरीत बेंझीन आढळले. सोसायटीच्या बोअरवेलपुढे मात्र अहवालात केवळ ‘आढळले नाही’ असा शेरा होता, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. प्रयोगशाळेचे उपकरण किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पाहू शकते, ती मर्यादा लिहिल्याशिवाय या शेऱ्याला अर्थ नाही. पिण्याच्या पाण्यातील बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक प्रमाण लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. उपकरण 50 च्या खाली पाहू शकत नसेल तर ‘आढळले नाही’ हे केवळ सांत्वन ठरते. विचारल्यावर मर्यादा पुरेशी कमी असल्याचे पत्र मिळाले, पण ते अहवालातच असायला हवे होते. प्रयोगशाळेची एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता बेंझीनच्या चाचणीला लागू आहे का, हेही आम्हालाच विचारून घ्यावे लागले.

दरपत्रकाबाबतही नाराजी आहे. खोदाईचा दर फुटावर होता, पण यंत्र जागेवर आणण्याचा आणि दूषित माती नियमानुसार विल्हेवाटीला पाठवण्याचा खर्च नंतर पुढे आला. अहवाल इंग्रजीत, जाडजूड आणि सभासदांना वाचता न येणारा आहे. दोन पानांचा मराठी गोषवारा जोडला असता तर सर्वसाधारण सभेत झालेला गोंधळ टळला असता. एका सभासदाने पाणी उकळून वापरण्याचा उपाय सुचवला तेव्हा संस्थेच्या प्रतिनिधींनी तो तत्काळ खोडून काढला, हे बरे झाले. उकळल्याने बेंझीन भांड्यातून स्वयंपाकघराच्या हवेत जाते.

नमुन्यांची फेरी एकदाच, उन्हाळ्याच्या अखेरीस झाली. पातळी वर-खाली होताना पेट्रोल खडकाच्या भेगांना माखून राहते आणि पावसाळ्यात पाणी चढले की पुन्हा विरघळू लागते, म्हणून एका फेरीवर निष्कर्ष काढणे घाईचे आहे. संस्थेने अहवालात तसे नमूद केले आहे, मात्र दुसऱ्या फेरीची किंमत मूळ करारात धरली नव्हती. ती फेरी दिवाळीनंतर याच संस्थेकडून करून घेण्याचे ठरले आहे. या वेळी शोधमर्यादा, मातीच्या विल्हेवाटीचा खर्च आणि मराठी गोषवारा या तिन्ही गोष्टी कार्यादेशात आधीच लिहून घेतल्या असून, निकाल येईपर्यंत बोअरचे पाणी केवळ शौचालयांना आणि बागेला वापरले जात आहे.