घरी टोचलेलं बी-१२ आणि वापरलेल्या सुयांचा कॅन

औषधाबद्दल माझी तक्रार नाही, ते आधीच सांगून टाकतो. तक्रार आहे ती बी-१२ची इंजेक्शनं डब्यात भरून घरपोच पाठवणाऱ्या कंपनीबद्दल, आणि त्याहून जास्त सुयांबद्दल.

परवा त्यांच्या बाईंचा फोन आला, "सर, आपका प्लॅन रिन्यू कर दें?" म्हटलं, आधी माझ्याकडं साठलेल्या वापरलेल्या सुया घेऊन जा, मग बोलू. तिकडं क्षणभर कुणी बोलेना. मग उत्तर आलं, "सर, वो आप डस्टबिन में डाल दीजिए." तेव्हापासून डोकं फिरलंय.

बी-१२ म्हणजे नसांना आणि रक्ताला लागणारं जीवनसत्त्व, मुख्यतः मांस, अंडी, दुधातून मिळणारं, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. माझ्यापुरतं एवढंच की घर माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य, आणि वरून शुगरची मेटफॉर्मिन कैक वर्षं चालू. ही गोळी बी-१२ नीट अंगी लागू देत नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून तळपायाला मुंग्या होत्याच, पण चप्पल पायातून कधी निसटली ते कळेनासं झालं तेव्हा तपासून घेतलं. रक्तातल्या बी-१२चा आकडा आला १४८ (पिकोग्रॅम प्रति मिली). २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. डॉक्टरांनी मेथिलकोबालामिन (बी-१२चंच एक रूप) १५०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं लिहून दिली : आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला.

आता रोज कोण दवाखान्याच्या पायऱ्या चढणार? कंपाउंडर घरी यायचा, पण टोचणावळ पन्नास रुपये आणि वर चहा. पेन्शनीत हे बसत नाही. त्यात पुण्याच्या भाच्यानं ही कंपनी शोधून दिली. दर महिन्याला डबा घरी. त्यात बी-१२च्या अँपुल, सिरिंजा, स्पिरिटचे बोळे, शिवाय न मागितलेला 'वेलनेस' माल : एक व्हिटॅमिन डीचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन आणि एक ग्लुटाथिओन, म्हणे कांती उजळते. सत्तरीला टेकलेल्या माणसाची कांती उजळून करायचं काय?

तसं आमच्या लातूर भागाला सुईचं काही नवल नाही. दोन सुया आणि एक सलाईन घेतल्याशिवाय अर्धा तालुका बरा होत नाही. भाचा सांगतो, तिकडं शहरात व्हिटॅमिन घालून पिवळी केलेली सलाईन आरामखुर्चीत बसवून लावतात आणि तिला 'ड्रिप' म्हणतात. गुण तोच, बिल हजारांत. आमच्या पत्र्याच्या दवाखान्यातली बाकडी काळाच्या पुढं होती म्हणायची.

इंजेक्शन द्यायला घरातच माणूस होतं. थोरली सून सरकारी आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्स आहे. तिनं दोन अटी घातल्या. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, कारण क्वचित का होईना, रिअ‍ॅक्शन आली तर ती आवरायला हाताशी अ‍ॅड्रिनलिन पाहिजे. आणि ते डीचं इंजेक्शन पातळी तपासल्याशिवाय टोचायचं नाही. बी-१२ पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे जातं. डी चरबीत साठतं, अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर येतं. भाच्यानं मात्र ते इंजेक्शन घेतलं आणि वर दर आठवड्याला ६० हजार युनिटची पुडीही चालू ठेवली होती. सुनेनं फोनवर त्याची अशी हजेरी घेतली की पुडी त्याच दिवशी बंद झाली.

तिचं काम बघत बसावं असं असतं. अँपुलच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणायचं. मानेवर एक रंगीत ठिपका असतो. तो आपल्याकडं करायचा, मानेला कापूस गुंडाळायचा, अंगठा ठिपक्यावर ठेवून मान पलीकडं मोडायची. टक् असा आवाज येतो. आतलं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. बी-१२च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू बसलेला असतो. त्या अवाढव्य रेणूची रचना क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चं नोबेल मिळालं. हे मी टोचून घेताना सुनेला सांगत असे. ती म्हणायची, "मामा, मांडी ढिली सोडा आधी."

उजेडात हे औषध लवकर बिघडतं, म्हणून काच तपकिरी असते. सिरिंजमध्ये ओढलं की लगेच द्यायचं, भरून ठेवायचं नाही.

गुण आला का? आला. महिनाभरात मुंग्या निम्म्यावर आल्या, चप्पल जागेवर राहू लागली. तेव्हा मी भेटेल त्याला इंजेक्शनच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. पुढच्या तपासणीत आकडा २००० च्या वर गेला, तोही कागद खिशात घालून फिरलो. डॉक्टर हसले. म्हणाले, सुई चालू असताना हा आकडा असाच येणार, त्यावरून काही ठरत नाही. आणि उरलेल्या मुंग्या शुगरच्या आहेत, त्या बी-१२नं जाणार नाहीत.

आता सुयांकडं येतो. एक इंजेक्शन म्हणजे एक सुई, एक सिरिंज, एक फुटकी काच. पहिल्या महिन्यातच ताटलीभर ऐवज जमला. सूनबाईनं बजावलं होतं, सुईला टोपण परत लावायचं नाही, सगळ्यात जास्त बोटं तिथंच टोचतात. उपकेंद्रावर तिच्याकडं हब कटर असतो, लस दिली की सुई तिथल्या तिथं कापून डब्यात. म्हटलं, आपल्या पण ने. ती म्हणाली, सरकारी डब्यात घरचा माल चालत नाही. बरोबरच आहे.

मग कुठं टाकायच्या? मी तेव्हाचे, २०१६ चे घनकचऱ्याचे नियम काढून वाचले. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, त्या वेगळ्या द्यायच्या, आणि त्यासाठी गावात जमा केंद्र हवं असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आमच्या गावात ते केंद्र कुठं आहे हे मी विचारत फिरलो. ज्याला विचारलं त्यानं माझ्याकडंच संशयानं पाहिलं.

हे सगळं फाजील वाटत असेल तर ऐका. संक्रांतीच्या सुमारास आमच्या गल्लीत घंटागाडीवरच्या मावशीच्या बोटात पिशवीतून सुई घुसली. कुणाच्या घरची, कळलं नाही. ती थेट माझ्या दारात, कारण इंजेक्शनं घेणारा मास्तर सगळ्यांना माहीत. "तुमची न्हाई म्हणूलालाव, मंग कुनाची हाय?" मी कॅन आणून दाखवला. फिनेलचा जाड प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन, झाकणाला चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरात 'सुया'. तिची खात्री पटली. सुनेनं तिचं बोट वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतलं, पिळू दिलं नाही, आणि त्याच दुपारी तिला जिल्ह्याला नेलं. एचआयव्हीच्या बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. कावीळ-बीचंही बघावं लागतं. मावशी ठीक आहे. पण हातावर पोट असलेल्या बाईचे तपासण्यांच्या हेलपाट्यात रोज बुडाले. आणि हे म्हणतात डस्टबिन में डाल दीजिए!

शेवटी मार्ग निघाला तो आमच्या डॉक्टरांकडंच. त्यांच्याकडं जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. कॅन भरत आला की बंद करून तिथं नेऊन द्यायचा. कंपाउंडरनं तोंड वाकडं केलं, पण घेतो.

डब्याचं म्हणाल तर उन्हाळ्यातला डबा ४२ डिग्रीत पानटपरीवर टाकून कुरिअरवाला गेला. औषधावर लिहिलेलं, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. उघडला तर दोन अँपुल फुटलेल्या आणि कापूस लाल. तक्रार केली तर म्हणे डबा उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. डबा उघडताना व्हिडिओ काढायला मी काय लग्नाचा अल्बम करतोय? बऱ्याच घासाघाशीनंतर पैशांऐवजी 'कॉइन' दिले, ते पुढच्या खरेदीतच चालतात. आणि गंमत म्हणजे तीच अँपुल गावातल्या मेडिकलात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निम्म्याहून कमी भावात मिळते, सिरिंजसकट.

आता तर डॉक्टरांनी महिन्याचं इंजेक्शनही थांबवून रोजची गोळी दिली आहे. जास्त ताकदीची गोळी घेतली तर शंभरातला एखादा हिस्सा आतड्यातून आपसूक शोषला जातो आणि तेवढा पुरतो. सुरुवातीला सुई गरजेची होती, कारण नसांवर परिणाम झाला होता. पण नुसती मरगळ वाटते म्हणून कुणी डबे मागवत असेल तर आधी तपासणी करा आणि डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा. गोळ्या मी जनऔषधी केंद्रातून आणतो.

फुटलेल्या अँपुलसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे खात्यात आले तर कळवीन. कॉइन घेणार नाही.