रक्त-मांसाचे वाक्प्रचार : इंग्रजी आणि फ्रेंच

इंग्रजीत 'इन कोल्ड ब्लड' म्हटलं की बहुधा खूनच डोळ्यांसमोर येतो. फ्रेंच 'सां-फ्रवा'चाही शब्दशः अर्थ थंड रक्त. पण त्याला दोन बाजू आहेत. 'द सां-फ्रवा' मारणं म्हणजे निर्विकारपणे जीव घेणं, आणि 'गार्दे सों सां-फ्रवा' म्हणजे आणीबाणीत डोकं शांत ठेवणं. ही दुसरी छटा इंग्रजीला इतकी भावली की तिने फ्रेंच शब्दच जसाच्या तसा उचलला.

खरी फसगत होते ती 'बॅड ब्लड'पाशी. इंग्रजीत ते दोघांमधलं जुनं वैर. फ्रेंच 'स फेर द्यू मोव्हे सां', म्हणजे स्वतःचं रक्त नासवून घेणं, हा मात्र काळजीने जीव पोखरण्याचा प्रकार. मुलगा रात्री उशिरापर्यंत परतला नाही की आईचं जे होतं ना, तेच. इथे शब्दाला शब्द लावला, तर बिचारी चिंतातुर आई भांडकुदळ ठरते.

मांसाच्या बाबतीत दोघी बऱ्याच जवळ आहेत. एखादा प्रत्यक्ष समोर उभा राहिला की इंग्रजीत 'इन द फ्लेश'. फ्रेंच त्यात हाडंही घालते, 'आं शॅर ए आं नॉस'. आपल्या 'हाडामांसाचा'शी नातं सांगणारं हे रूप मला जास्त भरीव वाटतं. अंगावर काटा आला की फक्त पक्षी बदलतो: इंग्रजीत 'गूस फ्लेश', फ्रेंचमध्ये कोंबडीचं 'शॅर द पूल'. आणि धड हे ना ते असेल, तर फ्रेंच म्हणते 'नी शॅर नी प्वासों', ना मांस ना मासा.