‘ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’: आधी कादंबरी वाचावी की आधी गाणी ऐकावीत?

माझं उत्तर आधीच देते: आधी गाणी, म्हणजे या कादंबरीवरून केलेल्या संगीत नाटकाचं ध्वनिमुद्रण. मी उलट केलं आणि कादंबरीतला रॉबर्ट डोक्यात इतका ठाण मांडून बसला की फ्रान्सेस्काला ऐकायला मला वेळ लागला.

गोष्ट दोन्हीकडे तीच. १९६५ चा उन्हाळा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं विंटरसेट. नवरा आणि मुलं गुरांच्या प्रदर्शनासाठी परगावी गेलेली. शेतावरच्या घरात फ्रान्सेस्का एकटी, आणि छप्पर असलेल्या पुलांचे फोटो काढायला आलेला रॉबर्ट किंकेड रस्ता विचारत तिच्या दारात येतो. पुढे चार दिवस.

रॉबर्ट जेम्स वॉलर यांची कादंबरी १९९२ ची, एका बैठकीत संपेल एवढी लहान. तिची ताकद बारीकसारीक हालचालींत आहे. ट्रकमधल्या समोरच्या कप्प्यातून काही काढताना रॉबर्टचा हात नकळत तिच्या मांडीला लागतो, एवढंच. पण ती ओळ मी दोनदा वाचली. नंतर फ्रान्सेस्का जेवायचं बोलावणं लिहून ती चिठ्ठी रोझमन पुलावर टाचून येते, तेव्हा आपलंही काळीज धडधडतं. खटकतो तो रॉबर्टचा महिमा. तो स्वतःला शेवटचा काउबॉय समजतो आणि तसं बोलतोही. नवरा रिचर्ड मात्र जवळजवळ सावलीसारखाच उरतो.

संगीत नाटकाने नेमकी हीच जागा भरून काढली. संगीत आणि गीतं जेसन रॉबर्ट ब्राउन यांची, संहिता मार्शा नॉर्मन यांची. सुरुवातीला एकटा चेलो वाजतो आणि फ्रान्सेस्काच्या भूमिकेतली केली ओ'हारा ‘टू बिल्ड अ होम’ गाऊ लागते. युद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इटलीतलं नेपल्स सोडलेली मुलगी, तो लांबचा प्रवास, मग शेत, मुलं, स्वयंपाकघर. रॉबर्ट यायच्या आधीच तिचं अख्खं आयुष्य आपल्यासमोर असतं. ती काय पणाला लावते आहे हे कळल्यावरच पुढच्या चार दिवसांना वजन येतं, आणि म्हणून मला हे रूपांतर मूळ कादंबरीपेक्षा सरस वाटतं. नवऱ्यालाही (इथे त्याचं नाव बड) स्वतःचं गाणं मिळालं आहे. रॉबर्टची पूर्वीची बायको गिटार घेऊन ‘अनदर लाइफ’ गाते, तेव्हा तो पहिल्यांदाच हाडामांसाचा माणूस वाटतो.

उणीव दुसऱ्या अंकात आहे. तिथे वर्षं फार भराभर सरतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हे नाटक तीन महिन्यांतच बंद झालं, तरी त्याच वर्षी संगीतासाठी आणि वाद्यवृंद-रचनेसाठी दोन टोनी (अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार) त्याने मिळवले. ध्वनिमुद्रण ऐकलं की ते का मिळाले हे कळतं.

पावसातला तो ट्रक, दाराच्या हँडलवर घट्ट आवळलेला तिचा हात, हे हवं असेल तर १९९५ चा चित्रपट आहेच. पण निवड या दोघांतच असेल, तर ध्वनिमुद्रण सलग ऐका, मधली गाणी गाळू नका. शेवटाकडे, आयुष्याच्या संध्याकाळी रॉबर्ट ‘इट ऑल फेड्स अवे’ गातो. ते संपलं की कादंबरी हातात घ्या. रॉबर्टने फ्रान्सेस्काला लिहिलेलं पत्र त्यात आहे, आणि ते वाचताना तुमच्या कानात त्याचाच आवाज असेल.