हरमलचं होस्टेल: गादी पातळ, पण माणसं आणि म्युझिक एक नंबर

आधीच सांगून टाकतो, ज्यांना गार एसी, रूम सर्व्हिस आणि सकाळी बुफे पाहिजे त्यांनी आपलं कळंगुट-बागाच बघावं. हा रिव्ह्यू गोव्यातल्या हरमलच्या (बोर्डावर आरंबोल दिसेल) एका होस्टेलचा आहे. नाव टाकत नाही, कारण पुढं कुरकुर पण करणारे.

जायला आता आपल्या सोलापूरहून विमान पण आहे, फ्लाय९१ नं जून २०२५ मध्ये चालू केलं, ते मोप्याच्या विमानतळावर उतरतं म्हणजे पेडणे तालुक्यातच आणि हरमल पण त्याच तालुक्यात, दाबोळीच्या जुन्या विमानतळावरनं येण्यासारखी वरात नाही. वेळा मात्र बघून घ्या. आम्ही गेलो रात्रीच्या स्लीपरनं, कारण सुट्टीचं आणि तिकिटाचं काही जमेना.

डॉर्म ठीक आहे. प्रत्येक बेडला पडदा, चार्जिंग पॉइंट, खाली लॉकर. गादी अशी की त्यापेक्षा आपली सोलापुरी चादर दुहेरी करून टाकली तर बरी झोप लागेल. बाथरूम स्वच्छ, पण पाण्याला जोर नाही.

खरी कुरकुर वेगळीच. बुकिंगच्या पानावर "रोज लाइव्ह म्युझिक" आणि "ट्रॅव्हलर्स मीट" असं ठळक लिहिलेलं. लाइव्ह म्युझिक म्हणजे एक पोरगा, एक गिटार, खरखरणारा स्पीकर आणि तीच ती चार-पाच हिंदी गाणी, वर एक ड्रिंक घ्यायलाच पाहिजे अशी अट. मीट म्हणजे सगळ्यांना गोल बसवून "तुमचा फेव्हरिट प्राणी सांगा". कॉलेजच्या फ्रेशर्सला बसल्यासारखं वाटलं, दहा मिनिटात निम्मी मंडळी मोबाईलमध्ये.

पण त्याच होस्टेलचं कॉमन किचन, काय सांगू! तिथं कुणी कुणाला ओळख करून द्यायला लागत नाही, चहा उतू जायला लागला की शेजारचा गॅस बंद करतो आणि तिथनंच बोलणं सुरू होतं. आम्ही घरनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती (चटणी पुढं करायच्या आधी शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का विचारा, बाहेरच्या लोकांत बऱ्याच जणांना असते). एक इस्रायली पोरगा कडक भाकरी मोडून हमसमध्ये (काबुली चण्याची चटणी) बुडवून खात बसला, पापड समजून. केरळची एक नर्स सुट्टी काढून एकटीच फिरत होती, नाशिकचे दोघं सायकलवर आलेले. रात्री एक वाजेपर्यंत गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी केरीवरनं फेरीबोटीनं तेरेखोलच्या किल्ल्याकडं सगळे मिळून. म्हणून होस्टेल निवडताना पूल आहे का ते बघू नका, किचन नाहीतर गच्ची आहे का आणि ती रात्री उघडी ठेवतात का ते फोन करून विचारा.

आता म्युझिक. सीझनमध्ये सूर्य मावळायला आला की बीचवर ड्रम सर्कल जमतं, तिकीट नाही, स्टेज नाही, माईक नाही. जेम्बे, दरबुका (दोन्ही हातानं वाजवायचे ढोल), कुणाकडं नुसता डबा. एकजण खालचा जाड ठोका धरून ठेवतो आणि बाकीचे त्यावर भरत जातात, त्याचा हात हलला की सगळं विस्कटतं, मग हसतात आणि परत सुरू. समुद्राच्या दमट हवेनं जेम्बेचं कातडं सैल पडून आवाज बद्द येतो, एक दाढीवाला बाबा मधेच उठून शेकोटीवर कातडं शेकत होता. आमच्यातला एकजण मिरवणुकीत हलगी वाजवणारा, तो एकदम ओरडला, "काय बे, हे तर आपल्या हलगीसारखंच शेकतंय!" मग मागून घेतलेल्या जेम्बेवर त्यानं लेझीमचा ठेका धरला. दोन-चार जणांनी उचलला, बाकीच्यांना झेपला नाही, पण नाचायला मात्र सगळे उठले. त्या अर्ध्या तासासाठी मी पातळ गादी माफ केली.

एक विनंती, आपली काही मंडळी तिथं नाचणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढत फिरतात, लई लाज वाटते. विचारून काढा नाहीतर फोन खिशात ठेवा.

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं "रात्री निवांत जाऊ" असं करू नका. सूर्यास्ताला बीच, आठला एखाद्या कॅफेतली जॅम (जमतील ते मिळून वाजवतात ती) किंवा ओपन माइक (कुणीही उठून गायचं), असा क्रम ठेवा. बहुतेक कॅफे बोर्डावर खडूनं आजचा प्रोग्राम लिहितात, बाजाराच्या गल्लीतनं संध्याकाळी एक चक्कर मारली की कळतं. नोव्हेंबर ते मार्च बेस्ट, पावसाळ्यात शॅक (बीचवरची झोपडीवजा हॉटेलं) काढून टाकतात, मग समुद्र आणि तुम्ही.

रेटिंग म्हणाल तर खोलीला अडीच स्टार, त्यांच्या "लाइव्ह म्युझिक"ला एक, किचनला पाच. गाडी भाड्यानं घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते पण पोलिसांनी धरलं की महागात पडते. आणि लॉकरला कुलूप घरनंच न्या, रिसेप्शनवर विकत देतात ते दुप्पट किमतीला.